श्रीलंकेला निघताय? आधी महिना ठरवा

गेल्या अंकात श्रीलंकेबद्दल प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग आला. हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी नागपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. आता लहान गट घेऊन प्रवासाला जाते आणि श्रीलंका हा माझा सगळ्यात लाडका देश आहे. पत्रांत ‘काय काय बघायचं’ याच्या याद्या लांबलचक होत्या. ‘कोणत्या महिन्यात’ आणि ‘इथून तिथं पोचायला किती तास’ हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. तिथली सहल जमते किंवा फसते ती याच दोन गोष्टींवर. म्हणून त्या प्रश्नांना पहिला मान.

ताई, मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत जावं की उन्हाळ्याच्या? यांचं म्हणणं, बेट म्हणजे बारा महिने सारखंच.
— एक वाचक, नरेंद्रनगर

उकाडा बारा महिने सारखा असतो, पाऊस नाही. श्रीलंकेला दोन मान्सून आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारे येतात आणि कोलंबो, गॉल, मिरिस्सा हा पश्चिम-दक्षिण किनारा आणि मधल्या डोंगरांचा त्या बाजूचा उतार भिजवतात. डोंगर मध्येच उभे असल्यामुळे पूर्वेकडे तेव्हा कोरडं असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी वारे ईशान्येकडून येतात, तेव्हा पूर्व आणि उत्तर भागात पाऊस आणि दक्षिण किनाऱ्यावर स्वच्छ ऊन. म्हणजे एका बाजूला समुद्र खवळलेला असतो तेव्हा दुसऱ्या बाजूला तो बहुधा शांत असतो. ही त्या देशाची मोठीच सोय आहे, फक्त आपण चुकीच्या किनाऱ्यावर हॉटेल घेऊन ठेवलेलं नको.

आता तुमच्या सुट्ट्या. मे-जून धरलात तर त्रिंकोमाली, पासिकुडा हा पूर्व किनारा घ्या आणि त्याला सिगिरिया, पोलोन्नरुवा, दंबुल्ला जोडा. हा सगळा कोरडा पट्टा आहे. नागपूरच्या मे महिन्यातून निघालेल्या माणसाला तिथलं 34-35 अंश कमीच वाटेल, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही. मुलांना पाणी देत राहा आणि दुपारी 12 ते 3 सावलीत थांबा. नाताळात गेलात तर उलट करा: दक्षिण किनारा, गॉल आणि डोंगर.

दिवाळी सगळ्यात अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मान्सूनमधला काळ. सकाळ छान निघते, दुपारनंतर विजांचा कडकडाट होतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं तयार होतात तीही याच दिवसांत. डोंगरात दरडी कोसळतात, रेल्वे बंद पडते. जाऊच नका असं मी म्हणणार नाही, पण दिवाळीत जायचं असेल तर बाहेरचे सगळे बेत दुपारी 1 च्या आत संपवा, एक दिवस मोकळा ठेवा आणि ज्या हॉटेलांचं बुकिंग रद्द करता येतं तीच घ्या. मला विचाराल तर लहान मुलांना घेऊन नाताळात जा.

एका टूर कंपनीनं 6 रात्री 7 दिवसांत कोलंबो, अनुराधापूर, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, मिरिस्सा आणि गॉल दाखवू म्हटलंय. वर राफ्टिंग फुकट. दर चांगला आहे. घ्यावं का?
— एक वाचक, महाल

नको. श्रीलंकेचं क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भापेक्षा कितीतरी कमी. नकाशात बघून वाटतं की गाडी काढली की झालं. पण कोलंबोच्या आसपासचे आणि दक्षिणेचे द्रुतगती मार्ग सोडले तर बाकी रस्ते बहुतेक दुपदरी, गावागावांतून जाणारे आणि मधला भाग निव्वळ घाटाचा. कोलंबोसाठीच्या काटुनायके विमानतळापासून सिगिरिया साधारण 150 किलोमीटर, म्हणजे नागपूर-अमरावतीइतकं. त्याला 4 तास धरा. कँडी ते नुवारा एलिया 80 किलोमीटरसुद्धा भरत नाही, तरी पावणेतीन-तीन तास जातात. तुमच्या यादीतली नऊ ठिकाणं सात दिवसांत बसवली की रोज 5-6 तास गाडीत आणि प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतं उतरायचं. शिवाय पहिला आणि शेवटचा दिवस विमानातच जातो, कारण नागपूरहून थेट विमान नाही, चेन्नई किंवा मुंबईवरून जावं लागतं.

मी लोकांना तीनच मुक्काम सांगते. सिगिरिया-हबराणा भागात तीन रात्री, डोंगरात कँडी आणि एल्ला मिळून तीन, आणि त्या महिन्यात जो किनारा शांत असेल तिथं तीन. विमानतळ कोलंबोपेक्षा निगंबोला जवळ आहे, म्हणून उशिरा उतरलात तर निगंबोलाच झोपा. कोलंबो परतीच्या दिवशी अर्धा दिवस पुरे.

राफ्टिंग फुकट असेल तर आधी विचारा की ते कुठे आणि कोण करवणार. केलानी नदीवरचं कितुलगला हे त्याचं नेहमीचं ठिकाण. तिथला पाण्याचा जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे नवख्यांना झेपणारा, आणि पोहता येत नसलं तरी चालतं. पण तुमच्या मापाचं जॅकेट आणि हेल्मेट मिळालंच पाहिजे. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी ते खांद्यावरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. रात्रभर पाऊस पडून नदी गढूळ आणि फुगलेली दिसली तर पैसे भरले असले तरी उतरू नका. आणि प्रवास विमा काढताना ‘साहसी खेळ’ त्यात धरलेत की वगळलेत ते वाचूनच सही करा. साध्या पॉलिसीत ते बहुतेक वेळा वगळलेले असतात.

आम्ही दहा-बारा उपासक-उपासिका अनुराधापूरला जाऊ इच्छितो. माझं वय 68, गुडघे दुखतात. बरोबर नातवंडं आहेत, त्यांना डोंगर चढायचे आहेत. दोन्ही जमेल का?
— एक वाचक, इंदोरा

काका, जमेल, आणि फार सुंदर जमेल. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधापूरच्याच महाबोधीचा. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तो तिथून आणला. तुम्ही त्याच्या मूळ झाडापाशी जाताय. अशोकाची कन्या संघमित्रा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून फांदी घेऊन गेली आणि तेव्हापासून त्या झाडाची राखण अखंड चालू आहे. माणसानं लावलेलं आणि लागवडीचा काळ नोंदलेलं इतकं जुनं झाड जगात दुसरं नाही. पाहायला मोठा वटवृक्षासारखा घेर असेल अशी कल्पना करून जाऊ नका. उंच चौथऱ्यावर, सोनेरी टेकू लावलेल्या बारीक फांद्या आहेत आणि खाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं हातात कमळं घेऊन बसलेली असतात. पौर्णिमेला, म्हणजे तिथल्या पोयाला, फार गर्दी असते. तो अनुभव हवा असेल तर पौर्णिमा गाठा, निवांत बसायचं असेल तर टाळा.

गुडघ्यांपेक्षा मला तुमच्या तळपायांची काळजी आहे. सगळीकडे अनवाणी जायचं असतं आणि रुवनवेलीसाया स्तूपाच्या फरसबंदीचा दगड दुपारी तव्यासारखा तापतो. सकाळी 7 ला जा किंवा 4 नंतर. जाड पांढरे मोजे चालतात, बरोबर ठेवा. पांढरे कपडे, खांदे आणि गुडघे झाकलेले, डोक्यावर टोपी नाही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथं तो अनादर समजला जातो आणि नातवंडांना हे आधीच सांगून ठेवा.

अशोकाचे पुत्र थेर महिंद राजा देवानंपिय तिस्साला जिथं भेटले त्या मिहिंतलेला पायऱ्या 1,840 आहेत. पण गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, उरलेल्या पायऱ्या हळूहळू चढता येतील. कँडीला बुद्धांचा दात जपलेल्या दंतधातू मंदिरात पूजा दिवसातून तीनदा होते. संध्याकाळच्या पूजेला ढोल सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोचा म्हणजे रांगेत उभं राहावं लागणार नाही. 1950 साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते ती परिषद कँडीलाच भरली होती. हे नातवंडांना तिथं उभं राहून सांगा, वर्गात ऐकण्यापेक्षा वेगळं पोचतं. पोलोन्नरुवाचं गल विहार मात्र चुकवू नका. एकाच ग्रॅनाइटच्या कड्यात कोरलेल्या चार मूर्ती, त्यातली परिनिर्वाणाची सुमारे 14 मीटर लांब. उशीवर डोकं टेकल्याची खोलगट वळी दगडात कोरली आहे, ती जवळून बघा. तिथं जमीन सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

तुम्ही दंबुल्लाची लेणी बघत असाल तेव्हा नातवंडांना सिगिरियाला पाठवा. पुढचं उत्तर त्यांच्यासाठीच आहे.

मला उंचीची भीती वाटते. मैत्रिणी सिगिरिया चढणारच म्हणतात. मी खाली थांबू का?
— एक विद्यार्थिनी, लक्ष्मीनगर

लगेच ठरवू नकोस. आधी चढ नेमका कसा आहे ते ऐक. सिगिरिया म्हणजे सपाट रानात उभा असलेला एक प्रचंड खडक. त्याला सुमारे 1,200 पायऱ्या आहेत, पण त्यांचे चार वेगळे भाग पडतात. पहिला भाग बागांमधून. पाचव्या शतकात कश्यप राजानं घडवलेले हौद आणि कारंजी, सरळ रेषेतली. इथं भीतीचं काही नाही. मग मोठमोठ्या शिळांमधून दगडी पायऱ्या, त्याही रुंद.

तिसरा भाग तुझ्यासाठी अवघड. चित्रांच्या कपारीत जायला कड्याच्या बाहेर लटकलेला लोखंडी गोल जिना आहे. त्याला जाळी आहे, पण खाली बघितलं तर पोकळी दिसते. चढताना नजर पुढच्याच्या पाठीवर ठेव आणि डावा हात कठड्यावर. वरच्या कपारीत भित्तिचित्रं आहेत, त्यांचे फोटो काढायला बंदी आहे. मला ती बंदी आवडते, कारण तिथं सगळे खरोखरच चित्रं बघतात. पुढे आरसा भिंत लागते. कधीकाळी ती इतकी गुळगुळीत होती की प्रतिबिंब दिसे. हजारेक वर्षांपूर्वी येणाऱ्यांनी तिच्यावर सिंहली ओव्या खरडून ठेवल्या आहेत, बहुतेक त्या चित्रांतल्या स्त्रियांना उद्देशून. ती उंच भिंत तुझ्या बाजूला असते, त्यामुळे इथं उलट सुरक्षित वाटतं.

मग सिंहाच्या पंजांचं पटांगण. दोन प्रचंड पंजे, त्यांच्यामधून पायऱ्या, आणि वर शेवटचे लोखंडी जिने कड्याला टेकून. इथं थांबायचं की पुढे जायचं ते त्या पटांगणात बसून ठरव. इथवर आलीस तर सिगिरियाचा मोठा भाग बघून झालेला असतो आणि खाली उतरणारे पुष्कळ असतात, कुणी हसत नाही. वरून मात्र जंगलाचा सपाट विस्तार दिसतो, लांबवर तळी चकाकतात.

सकाळी फाटक उघडताच आत जा. 9 नंतर जिन्यांवर रांग खोळंबते आणि भीती वाटणाऱ्या माणसाला मध्येच अडकून उभं राहणं सगळ्यात वाईट. कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत. गप्प चालण्याच्या पाट्या लावल्या आहेत त्या खरोखर पाळा, भडक अत्तर लावू नका. पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते. समोरचा पिदुरंगलाचा खडक कमी पैशांत होतो आणि तिथून सिगिरियाचा अख्खा कडा दिसतो. पण शेवटी मोठ्या शिळांवरून हातापायांनी चढावं लागतं, तो तुझ्या मैत्रिणींसाठी ठेव.

मला पोहता येत नाही. यांना स्कूबा करायचं आहे, मुलाला सर्फिंग, मला देवमासे बघायचे आहेत. आम्ही खिंडसीच्या बोटिंगपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. धोका किती?
— एक वाचक, बजाजनगर

ताई, हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. आपण नागपूरकर अंबाझरी-फुटाळ्याच्या काठावर वाढलेले. तळ्याचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं नसतं. लाट किनाऱ्यावर येते, पसरते आणि परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात बाहेर खेचते. पोहता येणारेही त्यातच बुडतात, कारण ते किनाऱ्याकडे सरळ पोहत दमून जातात. या ओढीत सापडल्यावर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. पट्टा अरुंद असतो, थोड्या वेळात सुटका होते. न पोहणाऱ्यानं गुडघ्यापेक्षा वर पाण्यात जायचं नाही. लाटांच्या मध्येच जिथं पाणी शांत, गडद दिसतं आणि फेस समुद्राकडे वाहतो ती जागा सगळ्यात वाईट, आणि नवखा माणूस नेमका तीच सुरक्षित म्हणून निवडतो. लाल झेंडा असेल तर त्या दिवशी वाळूत बसा.

मुलाला वेलिगमाला सर्फिंग शिकवा, नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. खाडी रुंद आहे, तळ वाळूचा आहे, लाटा लहान. त्यातून शिकवणारा पाण्यात त्याच्या शेजारी उभा असला पाहिजे, काठावर नव्हे. मे ते सप्टेंबर जात असाल तर अरुगम बे नावाजलेलं, पण तिथल्या मुख्य लाटा जाणत्यांसाठी आहेत. तिथंही नवख्यांच्या वेगळ्या जागा आहेत, त्याच मागा.

तुमच्या यजमानांसाठी दोन-तीन गोष्टी. स्कूबा पहिल्यांदा करणाऱ्याला 12 मीटरपेक्षा खोल नेत नाहीत आणि प्रशिक्षक हात धरून असतो. खाली जाताना कानावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायला लागण्याआधी, मीटर-मीटरला. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. दमा, हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. खुणा आधी पाठ करा. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’. ‘ठीक आहे’ म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याचा गोल करायचा. आनंदानं अंगठा दाखवणाऱ्या पाहुण्यांना प्रशिक्षक लगेच वर घेऊन येतो, बिचाऱ्यांची डुबकी तिथंच संपते.

आता एक गोष्ट, जी सहलीच्या कागदावर कधीच नसते. स्कूबानंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून किमान 18 तास, शक्यतो 24 तास विमानात बसू नये. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण हाच नियम उंचीवर जायलाही लागू आहे. सकाळी हिक्कडुव्याला डुबकी मारली आणि दुपारी गाडीनं नुवारा एलियाला, जवळजवळ 1,900 मीटरवर पोचलात तर तोही धोकाच. म्हणून क्रम असा लावा: डोंगर आधी, समुद्र शेवटी, आणि शेवटच्या दिवशी फक्त वाळू आणि गॉलचा किल्ला.

देवमासे तुम्ही बघालच. नोव्हेंबर ते एप्रिल मिरिस्साहून सकाळी साडेसहाच्या सुमाराला बोटी सुटतात. दक्षिण टोकाला समुद्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो, म्हणून निळा देवमासा, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, तिथं इतक्या जवळ येतो. आधी कारंजं उडतं, मग पाठ दिसते आणि शेवटी शेपटी वर येऊन पाण्यात शिरते. उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या, रिकाम्या पोटी जाऊ नका आणि पोटभर खाऊनही नको. बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. फोनच्या पडद्याकडे बघत राहिलात की मळमळ सुरू. बोटीनं देवमाशापासून 100 मीटर अंतर ठेवलं पाहिजे. बुकिंग करतानाच विचारा की तुम्ही अंतर पाळता का. जो ‘अगदी जवळ नेतो’ म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. चारी बाजूंनी बोटींनी घेरलेला तो जीव श्वास अर्धवट टाकून बुडतो, हे बघवत नाही.

तिथं काही झालंच तर 1990 वर रुग्णवाहिका मिळते. ही सेवा भारताच्या मदतीनं उभी राहिली. पर्यटकांच्या तक्रारीसाठी 1912. दोन्ही नंबर घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आत्ताच टाका.

रामायणातल्या जागा बघायच्या आहेत. वेगळी टूर घ्यावी का?
— एक वाचक, रामटेक

वेगळी गरज नाही. नुवारा एलियाजवळ सीता एलियाचं सीता अम्मन मंदिर ओढ्याकाठी आहे, तिथून जवळच हक्गलाची वनस्पती बाग, जिला परंपरेनं अशोकवन मानतात. एल्लाजवळ रावण धबधबा. हे सगळं डोंगरातल्या मुक्कामातच होतं. धबधब्याखाली आंघोळीला उतरू नका, दगड फार निसरडे आहेत.

ताडोबा-पेंच करणाऱ्यानं यालाच्या जंगलात जावं का? वाघ तर तिथं नाहीत.
— एक वाचक, धंतोली

वाघ नाहीत म्हणूनच जावं. आपल्याकडे बिबट्या वाघाला बुजून राहतो, झाडावर, गावाच्या कडेला, रात्रीचा. श्रीलंकेत त्याच्या वरचढ कुणी नाही. तो भरदिवसा खडकावर पसरलेला दिसतो, रस्ता ओलांडताना घाई करत नाही. ही श्रीलंकेची स्वतंत्र उपजात आहे, आणि राजा असल्यावर बिबट्या कसा वागतो हे ताडोबा करून आलेल्या माणसालाच खरं कळेल. जून-जुलैत पालूची फळं पिकतात तेव्हा अस्वलं झाडांवर सापडतात. पालू म्हणजे आपली खिरणी, उन्हाळ्यात महालात हातगाडीवर मिळते ती. आपल्याकडचं अस्वल मोहासाठी येतं, तिथलं खिरणीसाठी.

यालात जिप्सींची गर्दी मोठी, विशेषतः पहिल्या विभागात, आणि बिबट्याची बातमी लागली की चालक सुसाट सुटतात. आदल्या दिवशीच चालकाला सांगा, पाठलाग नको, पाणवठ्यावर थांबू. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा विभाग साधारण बंद असतो. निवांतपणा हवा असेल तर वायव्येचं विल्पट्टू घ्या. तिथं विल्लू म्हणतात ती नैसर्गिक तळी आहेत, प्राणी कमी दिसतील पण जंगल तुमचं एकट्याचं असेल.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर मात्र मी यालाचं जंगलही सोडायला सांगेन आणि मिन्नेरियाला पाठवेन. महासेन राजानं सोळा-सतराशे वर्षांपूर्वी बांधलेला हा तलाव. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांजवळ राहणाऱ्यांना त्याची गंमत लगेच कळेल: तिथल्या कोरड्या दिवसांत पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या रानातले हत्ती त्या गवतासाठी जमतात. संध्याकाळी 4 च्या सुमाराला कळपामागून कळप झाडीतून बाहेर पडतो, पिल्लं आयांच्या पायांत. हत्ती सोंडेनं गवताचा झुबका उपटतो, पुढच्या पायावर आपटून माती झाडतो आणि मग तोंडात घालतो. पिल्लांना हे जमत नाही, ती मातीसकट खातात. दुर्बीण न्या, हेच बघत दोन तास जातील. पाणी उशिरा हटलं तर हत्ती शेजारच्या कावडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलात असतात, त्या दिवशी कुठे आहेत ते स्थानिक चालकाला विचारून तिकीट काढा.

हत्तीवर बसायची सफर घेऊ नका. त्यासाठी पिल्लू लहानपणीच कसं मोडलं जातं ते एकदा कळलं की त्या पाठीवर बसवणार नाही.

कँडी-एल्ला रेल्वेचं तिकीट मिळतच नाही म्हणतात. इतकं काय आहे तिच्यात?
— एक वाचक, कामठी

चहाचे मळे, ढग आणि बोगदे, सात तासांत कँडीहून जवळपास 1,900 मीटरपर्यंत चढून पुन्हा खाली. आरक्षण 30 दिवस आधी उघडतं आणि लगेच संपतं. लहान मुलं बरोबर असतील तर अख्खा प्रवास करूच नका, नुवारा एलियाजवळच्या नानू ओया स्थानकावर बसून एल्लाला उतरा, अडीच-तीन तासांत सगळ्यात सुंदर भाग होतो. डोंगरातला हा मार्ग दरडींमुळे बंद पडतो, निघायच्या आठवड्यात तो चालू आहे का ते बघा. दारातून बाहेर लटकून व्हिडिओ काढणाऱ्यांचे जीव गेले आहेत. मुलांना खिडकीशी बसवा. 1921 साली बांधलेला नऊ कमानींचा पूल एल्लातून चालत जाऊन बघता येतो.

आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

मुळीच नाही. भात, मसुराची परिप्पू, कच्च्या फणसाची भाजी, इंदिअप्पा म्हणजे शेवयांच्या चकत्या, हे सगळं गावोगाव मिळतं आणि तिखटाला आपण कमी नाही. फक्त सांबोलात, म्हणजे तिथल्या नारळाच्या चटणीत, सुक्या माशाचा भुगा असतो, त्याला उंबलकड म्हणतात. ‘उंबलकड नको’ एवढं म्हणायला शिका.

श्रीपादाचा डोंगर रात्री चढतात म्हणे. आम्ही चौघे मित्र, वय 22 ते 25, फेब्रुवारीत जाऊ. काय तयारी करू?
— एक वाचक, नंदनवन

फेब्रुवारी उत्तम. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रेचा हंगाम असतो. तेव्हा पायऱ्यांवर दिवे असतात, चहाच्या टपऱ्या रात्रभर उघड्या असतात. बाकीच्या महिन्यांत अंधार, पाऊस आणि वारा, तेव्हा जाऊ नका. उंची 2,243 मीटर. माथ्यावरची पावलाची खूण बौद्ध बुद्धाची मानतात, हिंदू शिवाची, मुसलमान आणि ख्रिश्चन आदमची. चारही धर्मांची माणसं एकाच वाटेनं चढतात, आजीबाईंना नातू हाताला धरून वर नेतात. वाटेत त्यांना जागा द्या, ढकलून पुढे जाऊ नका.

रेल्वेनं हॅटनला उतरा, तिथून बसनं नल्लतन्नीला. संध्याकाळी लवकर जेवून झोपा आणि रात्री 2 ला निघा. पाच हजारांवर पायऱ्या आहेत, धडधाकट तरुणांना तीन ते चार तास लागतात. घाम आला म्हणून जाकीट खाली ठेवून जाल तर माथ्यावर कुडकुडाल. वर वारा बोचरा असतो आणि नागपूरच्या जानेवारीतला स्वेटर तिथं कमीच पडतो. कोरडा टी-शर्ट पिशवीत न्या, माथ्याच्या थोडं आधी बदला. फार लवकर पोचलात तर थंडीत उभं राहावं लागतं, म्हणून शेवटच्या टपऱ्यांपाशी चहा घेत थांबा आणि उजाडायच्या अर्धा तास आधी वर जा. सूर्य उगवला की सगळे पूर्वेकडे बघतात. तुम्ही लगेच मागे, पश्चिमेकडे वळा. डोंगराची सावली तिकडच्या धुक्यावर रेखीव त्रिकोण होऊन पडते आणि थोड्या मिनिटांत विरते. वर घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे, तुमचा एकच.

उतरताना पायऱ्यांनी गुडघे आणि मांड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. म्हणून त्याच दिवशी पुढे लांबचा प्रवास किंवा दुसरा ट्रेक ठेवू नका, काठी न्या आणि आत्तापासून महिनाभर सेमिनरी हिल्सचा चढ-उतार रोज करा. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त.